रुईच्या ढिगावर फॉस्फेटचा फोम : खानदेशातल्या एका जिनिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात तापीच्या दक्षिणेला असलेला हा एक मध्यम आकाराचा जिनिंग-प्रेसिंग कारखाना, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गठाणी बांधणारा. डबल रोलर जिनांच्या दोन ओळी, एक प्रेस, मागे सरकीचं गोदाम आणि पुढे मोठं अंगण. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतात आणि मार्च संपेपर्यंत या अंगणात कापूस उघड्यावर ढिगाने पडून असतो. गाव, मालक, कामगार यांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. कारखान्यांना अग्निसुरक्षेचा सल्ला देणं हे माझं काम. इथे मला बोलावलं ते एक आग होऊन गेल्यावर.

ती आग फेब्रुवारीतली. कापसासोबत एक लोखंडी तुकडा जिनात गेला, ठिणगी उडाली, ती रुईबरोबर हवेच्या पाइपातून प्रेस हाऊसमध्ये पोचली आणि तिथला रुईचा ढीग पेटला. कामगारांनी हौदाच्या पाण्याने ज्वाळा आटोक्यात आणल्या. तालुक्याहून बंब आला, त्यानेही भरपूर पाणी मारलं. संध्याकाळी पाचला सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. रात्री अडीचला रखवालदाराला वास आला. ढिगाच्या पोटातून पुन्हा धूर निघत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. एका गठाणीतून तर पाचव्या दिवशी धूर आला.

मी गेलो तेव्हा तिथले जुने फिटर, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मला एका भिजलेल्या ढिगाजवळ घेऊन गेले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर रुई बाहेर काढली. ती कोरडी होती. कोमटही लागत होती. आप्पा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, आग इझनी नही, लपनी शे." आग विझली नाही, लपली आहे. पुढचं सगळं काम त्या मूठभर रुईवरून ठरलं.

अडचण नेमकी काय होती

कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. बोळा पाण्यात टाकला तर बराच वेळ तरंगतो. डॉक्टरकडचा कापूस चटकन पाणी पितो, कारण तो धुऊन मेण काढलेला असतो. आगीवर मारलेलं पाणी कच्च्या रुईच्या ढिगावरून थेंबाथेंबाने ओघळून जातं. वरचा थर तेवढा ओला होतो, आत काही पोचत नाही. आणि आतल्या निखाऱ्याला फार हवा लागत नाही, तंतूंच्या मधे अडकलेली हवा त्याला पुरते. १७० किलोच्या दाबलेल्या गठाणीतही ठिणगी काही दिवस, कधी काही आठवडे धुमसत राहू शकते.

दुसरी अडचण आपल्या हवेची. फेब्रुवारी सरला की खानदेशात दुपारची हवा इतकी कोरडी असते की भिजवलेली रुई काही तासांत वाळते. शेजारचा ढीग पेटू नये म्हणून त्यावर मारलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून गेलेलं असतं, आणि तोवर पहिल्या ढिगात निखारा जिवंत असतो.

कारखान्याकडे फोमचे चार ड्रम होते. विक्रेत्याने "सगळ्या आगींना चालतो" असं सांगून दिलेले. लेबल वाचलं तर तो एएफएफएफ निघाला, म्हणजे डिझेल-पेट्रोलच्या आगीवर पातळ पापुद्रा पसरवणारा फोम. अशा फोमचं आयएस ४९८९ हे भारतीय मानकच मुळात ज्वलनशील द्रवांच्या आगीसाठी आहे. रुईवर त्या पापुद्र्याचा काही उपयोग नाही. शिवाय अशा फोममध्ये फ्लोरिनयुक्त रसायनं असतात आणि ती माती-पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. त्यांतल्या पीएफओएसवर स्टॉकहोम करारात (अशा टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात) २००९ मध्ये आणि पीएफओएवर २०१९ मध्ये निर्बंध आले. जनरेटरच्या डिझेल टाकीजवळ एक ड्रम ठेवून बाकीचे बाजूला काढायला मी सांगितलं. मालकांना ते रुचलं नाही. पैसे गेले होते, त्यांचं वाईट वाटणं साहजिकच होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे हौद मोठा करणं आणि हायड्रंट वाढवणं. ते करायचंच होतं, पण जे पाणी आत शिरत नाही ते दुप्पट मारून दुप्पट आत शिरणार नाही.

दुसरा, घन पदार्थांच्या आगीसाठी बनवलेला क्लास ए फोम. तो पाण्यात ०.१ ते १ टक्का एवढाच लागतो. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, हा फोम तो तिसाच्या आसपास किंवा त्याखाली आणतो. तेवढ्याने पाणी मेणाच्या थराला न जुमानता तंतूंमध्ये शिरतं. हा पर्याय लगेच पक्का झाला. मात्र फोम वाळला की मागे काहीच उरत नाही.

म्हणून तिसरा पर्याय पुढे आला. फोममध्येच असं काही मिसळायचं, जे पाणी उडाल्यावरही रुईवर राहील आणि तिला पेटू देणार नाही. कल्पना नवी नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने १८२१ साली नाटकगृहांमधल्या कापडासाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या मिश्रणांचा अभ्यास केला होता. वणवा रोखायला विमानातून जे लाल द्रावण टाकतात त्यातही बहुधा अमोनियम फॉस्फेटच असतं. आपल्या भिंतीवर टांगलेल्या एबीसी अग्निशामकातल्या पिवळसर भुकटीचा मुख्य घटकही मोनोअमोनियम फॉस्फेटच.

त्याचं काम कसं चालतं हे इथे नीट सांगायला हवं. कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज. तो तापला की फुटतो आणि त्यातून जळणाऱ्या वाफा निघतात. ज्वाळा असते ती त्या वाफांची. फॉस्फेट तापल्यावर फॉस्फोरिक आम्ल सुटतं. ते सेल्युलोजमधलं पाणी ओढून काढतं आणि त्याचा कोळसा करतं. वाफा कमी, कोळसा जास्त, म्हणून ज्वाळेला खाद्य मिळत नाही. फॉस्फेटमुळे कोळशाचं नंतरचं लाल धुमसणंही दबतं, आणि आमच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचं होतं.

बोरिक ॲसिडचाही विचार झाला. गादीतल्या कापसाचं धुमसणं रोखायला ते वापरतात. पण इथे ढिगात सरकीसकट कापूस असतो. सरकीचं तेल निघतं आणि ढेप गुरांच्या पुढ्यात जाते. बोरॉन त्या वाटेने जाऊ द्यायला मी तयार नव्हतो. एक विक्रेता "गुप्त फॉर्म्युल्या"चं द्रावण घेऊन आला होता. त्याने कागदाचा तुकडा भिजवून जाळून दाखवला, पण डब्यात काय आहे ते सांगेना. ज्याची घटकसूची मिळत नाही ते रसायन मी कुणाच्या हौदात ओतू देत नाही.

केळीच्या शेतातली पिशवी

मोनोअमोनियम फॉस्फेट म्हणताच मालकांचे चुलतभाऊ म्हणाले, "म्हणजे आपलं बारा-एकसष्टच ना, सर?" बरोबर होतं. रावेर-यावलच्या केळीबागांना ठिबकमधून जे १२:६१:०० देतात, १२ टक्के नत्र आणि ६१ टक्के स्फुरद, ते हेच. त्यांच्या शेडमध्ये पंचवीस किलोची पिशवी पडलेली होती. आणखी एकाने डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट खतही सुचवलं, कारण ते स्वस्त पडतं.

डीएपी आम्ही एका बादलीतच बाद केलं. त्याचे दाणे पूर्ण विरघळत नाहीत, आणि द्रावण थोडं अल्कधर्मी असल्यामुळे बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो. दहा मिनिटांत पाणी दुधाळ झालं आणि तळाशी गाळ बसला. नोझलची जाळी त्याने हमखास बुजली असती. बारा-एकसष्टचं द्रावण आम्ल असतं, सामू साडेचारच्या आसपास, त्यामुळे त्याच पाण्यात ते स्वच्छ राहिलं. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट एका टाकीत घालायचं नाही, हे ठिबकवाला प्रत्येक शेतकरी जाणतो. त्या ज्ञानाचा आम्हाला इथे थेट उपयोग झाला.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती आधीच यायला हवी होती. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे खत हे शेतीखेरीज दुसऱ्या कामाला परवानगीशिवाय वापरता येत नाही. शेतातली पिशवी कारखान्याच्या टाकीत ओतणं हा नियमभंग होता. चाचणी तिथेच थांबवली आणि रसायनांच्या व्यापाऱ्याकडून बिलासह टेक्निकल ग्रेड मोनोअमोनियम फॉस्फेट मागवलं. तीन आठवडे गेले. मालक अस्वस्थ होते, पण पुढे विम्याच्या कागदपत्रांत हे बिल लागणार हे त्यांना पटलं.

चाचण्या

प्रयोगशाळा नव्हती. वीस लिटरची बादली, वजनकाटा आणि मोबाइलचं घड्याळ एवढ्यावर भागवलं.

फोमच्या नोझलने बादली काठोकाठ भरायची आणि वजन करायचं. नुसत्या अर्धा टक्का क्लास ए फोमने भरलेल्या बादलीतला फोम अडीच किलो भरला. वीस भागिले अडीच, म्हणजे प्रसरण आठ पट. मग बादलीच्या तळाचा नळ उघडून चतुर्थांश द्रावण, म्हणजे ६२५ मिलिलिटर, खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. जितका वेळ जास्त, तितका फोम टिकाऊ. नुसत्या फोमला साडेतीन मिनिटं लागली. पाच टक्के फॉस्फेट घातल्यावर दोन मिनिटांच्या आत पाणी खाली आलं.

फॉस्फेट घातलं म्हणजे फोम सगळ्याच बाजूंनी सुधारतो असं नाही, हे आम्हाला इथे आकड्यात दिसलं. फोमचा बुडबुडा टिकतो तो त्याच्या पापुद्र्यावरच्या विद्युत्भारांच्या आपसातल्या ढकलण्यामुळे. पाण्यात क्षार वाढला की ते ढकलणं झाकलं जातं, पापुद्रे जवळ येतात आणि फुटतात. फोमचं प्रमाण अर्ध्यावरून एक टक्क्यावर नेल्यावर वेळ तीन मिनिटांच्या जवळ आला. गवार डिंक घालून पाहिला, त्याने वेळ आणखी वाढला. पण डिंकाच्या गुठळ्या होत होत्या आणि तिसऱ्या दिवशी टाकीला आंबूस वास यायला लागला. आपल्या उन्हाळ्यात असं द्रावण भरून ठेवणं शक्य नव्हतं. डिंक सोडून दिला.

दुसरी चाचणी रुईची. पत्र्याच्या चार ताटांत सारखी रुई घेतली. एकावर पाणी, एकावर नुसता फोम, एकावर दोन टक्के फॉस्फेटचा फोम, एकावर पाच टक्क्यांचा. रात्रभर आणि दुसरी सकाळ उन्हात वाळू दिली. मग कोपऱ्याला काडी लावली. पाण्याचं आणि नुसत्या फोमचं ताट पाहता पाहता जळून गेलं. दोन टक्क्यांच्या ताटात ज्वाळा थांबली, पण एक लाल कड सरपटत पुढे जात राहिली. पाच टक्क्यांच्या ताटात काडीच्या जागी रुपयाएवढा काळा डाग पडला आणि तिथेच थांबला. आप्पांनी त्यावर फुंकर घातली. लाली आली नाही. त्यांनी पुन्हा एकदा फुंकून खात्री केली, मग माझ्याकडे पाहून मान हलवली.

ही चाचणी कोणत्याही मानकाप्रमाणे नव्हती. आमच्या कारखान्यातल्या आमच्या रुईपुरती होती, आणि अहवालात मी तसंच लिहिलं.

निर्णय

सगळं एका ड्रममध्ये मिसळून ठेवावं असं मालकांचं म्हणणं होतं. धावपळीत दोन टाक्या कोण सांभाळणार? शंका रास्त होती. पण फोमच्या मूळ द्रावात क्षार घालून महिनोन् महिने तापत्या शेडमध्ये ठेवलं तर ते फाटण्याची भीती होती. शिवाय दोन्हींची कामं वेगळी होती. जळत्या ढिगात शिरायला नुसता फोम चांगला, कारण तो जास्त टिकतो. न जळलेल्या ढिगाला कवच द्यायला फॉस्फेटचा फोम हवा. जळत्या ढिगावर फॉस्फेट मारणं म्हणजे बव्हंशी ते वाहून घालवणं.

म्हणून दोन व्यवस्था झाल्या. हायड्रंटच्या लाइनवर नुसत्या फोमचा इंडक्टर, म्हणजे वाहत्या पाण्यात फोम ओढून मिसळणारं साधन. आणि ट्रॉलीवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, तीत ५० किलो फॉस्फेट विरघळवून ठेवलेलं, शेजारी फोमचा दहा लिटरचा कॅन, वापरायच्या वेळी ओतायचा. पंपाचा इंपेलर स्टेनलेस स्टीलचा घेतला, कारण आम्ल द्रावण पितळ आणि जस्त खातं. पहिल्यांदा टाकी भरताना एक पोरगा हात आत घालून ओरडला, "पाणी तर फ्रीजसारखं झालं!" हे फॉस्फेट विरघळताना उष्णता शोषून घेतं. थंड पाण्यात ते हळू विरघळतं, म्हणून दोन टप्प्यांत टाकायचं ठरलं. क्षाराच्या द्रावणातून वीज सहज वाहते, त्यामुळे त्या भागाची वीज बंद केल्याशिवाय ट्रॉली सुरू करायची नाही, हेही टाकीवर रंगाने लिहिलं.

दुसरी आग

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, वारा सुटलेला असताना अंगणातला एक ढीग पेटला. जवळ उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची ठिणगी, असा सगळ्यांचा अंदाज.

फोमची लाइन लवकर लागली. ट्रॉलीही शेजारच्या ढिगापाशी पोचली, आणि तिथे थांबली. नोझल धरलेल्या मुलाने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "थांब, त्या ढिगापर्यंत येत नाही बहुतेक." त्यांची अडचण मला समजते. फॉस्फेट लागलेल्या कापसाला भाव मिळत नाही, त्याची सरकी तेलघाणीला देता येत नाही. न जळलेला चांगला माल स्वतःच्या हाताने खराब करायचा, आणि तेही अंदाजावर. या विचारात चार मिनिटं गेली. वाऱ्याने रुईचे पेटते पुंजके उडायला लागले, शेजारच्या ढिगाची एक कड धरली, तेव्हा त्यांनी हात हलवला.

पुढची वीस मिनिटं ट्रॉलीने काम केलं. कड जळाली, पण आग ढिगाच्या अंगावर चढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तेव्हा त्या ढिगाच्या वाऱ्याकडच्या अंगावर पांढुरका, मिठासारखा थर वाळला होता आणि त्यावर तीस-चाळीस काळे ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे येऊन पडलेला एकेक पेटता पुंजका. एकही ठिपका बोटाच्या पेरापेक्षा खोल गेला नव्हता. मी हात घालून बघितलं, आत रुई पांढरी होती.

जळता ढीग मात्र वाचला नाही. फोमने ज्वाळा पटकन बसल्या, पाणीही पहिल्या वेळेपेक्षा खूप आत शिरलं, तरी मधला गाभा धुमसत होता. जेसीबीने ढीग पसरून, थर उलटून, पुन्हा फोम मारावा लागला. रात्री मात्र तो परत पेटला नाही.

काय हाती लागलं

शेजारचा ढीग, त्यामागचं सरकीचं गोदाम आणि माणसं, तिन्ही वाचली. फवारलेला वीतभर थर वेगळा काढला आणि त्यातली सरकी तेलघाणीला दिली नाही. तो माल तोट्यात गेला.

तिसऱ्या दिवशी एका गठाणीतून धूर आला. अंगणातली आग आणि प्रेसमधली गठाण यांचा संबंध कुणाला लागेना. मग कळलं की आग लागल्यावरही कापूस ओढणारा पंखा काही मिनिटं चालूच होता. ज्या ढिगाच्या टोकाशी त्याचा पाइप होता त्याच ढिगावर पेटते पुंजके पडत होते. पंख्याने ते आत ओढले आणि प्रेसने ते दाबून गठाणीत बंद केले. सुदैवाने त्या दुपारच्या गठाणी आप्पांनी खडूने खुणा करून उघड्यावर, एकमेकींपासून लांब मांडून ठेवल्या होत्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्या तोडून गठाण उघडताना मोकळी झालेली रुई भडकू शकते, म्हणून फोमची नळी आधी लावून मगच पट्ट्या तोडल्या.

महिन्याभराने ट्रॉलीच्या होजला जोडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा आट्यांपाशी गळायला लागला. त्या रात्री दमलेल्या माणसांनी लाइन साध्या पाण्याने धुतली नव्हती, आत राहिलेल्या द्रावणाने जस्त खाल्लं होतं. आणि अंगणातून वाहिलेलं पाणी मागच्या नाल्यात गेलं होतं. तिथल्या डबक्यावर काही आठवड्यांत हिरवा तवंग आला. शेताला जे खत आहे ते डबक्यातल्या शेवाळालाही खतच.

वेगळं काय करता आलं असतं

पंखा सगळ्यात आधी बंद व्हायला हवा होता. मी दोन टाक्या, नोझल, टक्केवारी यांत महिनाभर घालवला आणि पंख्याचं बटण कोण दाबणार हे लिहायचं राहून गेलं. ही चूक माझी. आता ते बटण अंगणात, माणसाच्या हाताला येईल अशा खांबावर लाल पेटीत आहे, आणि ते दाबायला कुणाची परवानगी लागत नाही.

ट्रॉली कधी सुरू करायची हा निर्णय आगीच्या वेळी मालकांवर सोडायला नको होता. आता नियम असा की कोणताही ढीग पेटला की वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूचा शेजारचा ढीग लगेच फवारायचा. विम्याच्या सर्वेक्षकाशी आधी बोलून, वाचवण्यासाठी खराब केलेला माल दाव्यात कसा धरला जाईल हे लेखी घेतलं. मालकांच्या मनावरचं ओझं त्याने बरंच उतरलं.

नाल्याकडच्या उतारावर मातीचा बांध आणि एक खड्डा केला आहे. त्या पाण्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. फॉस्फेट पिकाला चालेल, पण त्यात फोमचा साबणही आहे, म्हणून ते शेताला सोडू नका असं मी सांगितलं आहे. जिनाच्या आधी लोहचुंबक आणि खडे पकडणारी पेटी बसवायचं काम पुढच्या हंगामाआधी व्हायचं आहे. आप्पांनी पेटीसाठी जागा मापून ठेवली आहे, आणि फेब्रुवारीच्या आगीतला तो लोखंडी तुकडा तिथेच तारेने बांधून टांगला आहे.